युगांडातील खेड्यात वर्षभर राहायचे आहे : रोजच्या जगण्याची तयारी कशी करावी?

ऐरोलीची_शिक्षिका

नमस्कार. मी ऐरोलीतील एका माध्यमिक शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते. येत्या फेब्रुवारीत, तेथील पहिले शालेय सत्र सुरू होताना, युगांडातील मसाका शहराजवळच्या एका गावी वर्षभरासाठी स्वयंसेवक शिक्षिका म्हणून जात आहे. व्हिसा आणि तिकिटाचे संस्था पाहते आहे. माझा प्रश्न त्यानंतरच्या दिवसांचा आहे. शाळेच्या आवारातील खोलीत राहायचे, वीज भरवशाची नाही आणि पाणी हातपंपावरून आणावे लागेल, एवढेच कळले आहे. मी शाकाहारी आहे. शेजाऱ्यांत कसे मिसळावे, पैशांची मदत मागितली गेली तर काय करावे आणि भारतीय माणसाकडे तेथे कसे पाहिले जाते, हे राहून आलेल्या कोणी सांगावे, ही विनंती.

घोडबंदरचा_रहिवासी

ताई, मी त्याच भागात एका शेती प्रकल्पावर होतो. जेवणाची काळजी करू नका. कच्ची केळी सोलून, केळीच्या पानांत बांधून, मंद कोळशावर बराच वेळ वाफवतात आणि मग पानांच्या पुडक्यातच दाबून मऊ करतात. हे माटोके तिकडचे रोजचे अन्न आहे. सोबत राजम्यासारखी उसळ, शेंगदाण्याची घट्ट आमटी आणि आपल्या माठाच्या जातीची डोडो ही पालेभाजी असते. मात्र शेंगदाण्याच्या आमटीत मुकेने नावाची बारीक सुकी मासळी कुटून घालण्याची पद्धत आहे आणि ती पाहून ओळखू येत नाही, म्हणून ज्या घरी जेवणार तेथे आधीच सांगून ठेवावे. हिंग आणि गोडा मसाला मात्र घेऊन जा.

माझ्या मते खरे महत्त्व अभिवादनाला आहे. रस्त्याने जाताना नुसती मान हलवून पुढे जाणे तेथे उद्धटपणाचे वाटते. सकाळी रात्र कशी गेली, संध्याकाळी दिवस कसा गेला, घरचे कसे आहेत, हे थांबून विचारायचे आणि समोरच्यालाही विचारू द्यायचे. शेतात किंवा पंपावर राबणाऱ्या कोणालाही ‘ग्येबालेको’ (म्हणजे ‘कामाबद्दल शाबास’) म्हणा, चेहरा लगेच खुलतो. घरातील मुली आणि स्त्रिया वडीलधाऱ्यांपुढे गुडघे टेकतात. पाहुणीकडून तशी अपेक्षा नसते, पण आपल्यापुढे कोणी टेकले तर अवघडून त्यांना उठवायला जाऊ नये. वेळ ठरवताना एक लक्षात ठेवा : तिकडच्या लुगांडा भाषेत तास सकाळपासून मोजतात, त्यामुळे ‘दोन’ म्हणजे सकाळचे आठ असू शकतात. सभेची वेळ दोनदा विचारून घ्यावी.

भारतीय म्हणून तुम्ही कोऱ्या पाटीने जात नाही. 1972 मध्ये युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडायला लावला, पुढे राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींच्या काळात काही कुटुंबे परतली, आणि आजही गावकऱ्यांच्या मनात भारतीय म्हणजे दुकानाच्या गल्ल्यामागे बसलेला व्यापारी हेच चित्र बहुधा असते. दुकान नाही, कारखाना नाही, आणि ही बाई आमच्या मुलांना शिकवायला कशी आली, हा प्रश्न तुम्हाला वारंवार विचारला जाईल. त्याचा राग मानू नये. शांतपणे, दर वेळी उत्तर द्यावे.

खारघर_परिचारिका

पूर्व आफ्रिकेत आरोग्यसेवेत काम केले आहे, म्हणून तेवढ्यापुरते लिहिते. पीतज्वराची लस अधिकृत केंद्रावरच आणि प्रवासाच्या किमान 10 दिवस आधी घ्यावी. लस घेतल्याचे कार्ड तेथे शिरताना लागते आणि भारतात परततानाही, नसल्यास विमानतळावरून थेट विलगीकरणात जावे लागू शकते. मलेरिया तेथे प्रामुख्याने फाल्सिपेरम जातीचा, म्हणजे जिवावर बेतणारा आहे. प्रतिबंधक गोळ्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा, मच्छरदाणी एक रात्रही चुकवू नका आणि ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासून घ्या. परतल्यानंतर काही महिन्यांत ताप आला तरी ठाण्या-नवी मुंबईतल्या डॉक्टरांना युगांडाचा उल्लेख आवर्जून करावा.

आणखी एक, जे सहसा कोणी सांगत नाही : बाहेर वाळत घातलेल्या ओलसर कपड्यांवर एक माशी अंडी घालते आणि त्यातील अळी त्वचेत शिरून गळवासारखी वाढते. म्हणून तेथे लोक आतले कपडे आणि चादरीसुद्धा कोळशाच्या इस्त्रीने, शिवणींवर जास्त वेळ दाबून, इस्त्री करतात. तुम्हीही करा. व्हिक्टोरिया सरोवर जवळ आहे, पण काठाच्या उथळ पाण्यात उतरू नका; शिस्टोसोमियासिस या परजीवी रोगाचे जंतू त्वचेतून शिरतात.

ठाणे_पूर्व

पैशांबद्दल माझा अनुभव सांगतो. शाळेच्या फीसाठी मागणी नक्की येईल, आणि ती बहुतेक वेळा खरी गरज असते. एकेकाला गुपचूप पैसे देत गेलात की तुमची खोली म्हणजे मदत केंद्र होईल आणि शेजारपण संपेल. फीची मदत करायचीच असेल तर मुख्याध्यापकांमार्फत शाळेत भरावी. याउलट गावात मृत्यू झाला की प्रत्येक घर दुःखात असलेल्या कुटुंबाला थोडी रक्कम देते आणि दफनाला जाते. तेथे तुम्ही जायलाच हवे, कमरेला कापड गुंडाळून, आणि शेजारीण जेवढे देईल तेवढेच द्यावे, जास्त नाही. गावोगावी आपल्यासारखेच बचत गट चालतात. शिक्षिकांच्या गटात घेतले तर हप्ता न चुकवता भरा. पाण्याचे पिवळे 20 लिटरचे डबे मुले आणून देतील, पण सुट्टीच्या दिवशी स्वतः पंपावर रांगेत उभे राहा, कारण गावातल्या बायकांशी ओळख तिथेच होते.