मदत हवी आहे : तालुक्याच्या डॉक्टरला रिसर्चसाठी पैसे कोण देतं?

घाटाखालचा | रात्री ११:४०
नमस्कार. मी एमडी मेडिसिन, प्रॅक्टिस करतो. मण्यार साप चावलेल्यांच्या केसेसवर एक स्टडी करायचा आहे. मटेरियल तयार आहे. फक्त फंडिंग हवंय. आयसीएमआरची (सरकारची वैद्यकीय संशोधन परिषद) वेबसाइट तीन रात्री वाचतोय, दर वेळी फॉर्मच्या तिसऱ्या पानावर अडकतो, 'इन्स्टिट्यूशन' निवडल्याशिवाय पुढे जातच नाही. कोणाला अनुभव असेल तर नेमकं सांगा. कृपया 'गूगल करा' असं लिहू नये.

तळटीप | रात्री ११:५२
कुठल्या संस्थेत आहात? किती रुपये हवेत? स्टडी म्हणजे जुन्या नोंदी तपासायच्या की नवीन पेशंट घ्यायचे? एथिक्स समितीची परवानगी झालीय का? एवढं सांगितल्याशिवाय कोणीही नेमकं सांगू शकणार नाही.

कडूनिंब | रात्री १२:०५
डॉक्टरसाहेब, ग्रँटच्या नादी लागू नका. डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नोकरी करत लाल विंचवावर काम केलं. रात्र रात्र पेशंटच्या खाटेशेजारी बसून नोंदी घेतल्या, १९८२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आल्या. पुढे प्रॅझोसिन हे औषध आलं आणि कोकणातलं विंचूदंशाचं चित्रच पालटलं. वही, पेन आणि चिकाटी. बाकी सगळं ढोंग आहे.

मोहोर | सकाळी ७:१०
कडूनिंब, हे उदाहरण प्रत्येक धाग्यावर येतं आणि दर वेळी अर्धंच येतं. त्याच बावस्करांचा २०११ चा बीएमजेमधला पेपर वाचा. विंचवाचं प्रतिविष अधिक प्रॅझोसिन विरुद्ध नुसतं प्रॅझोसिन, महाडमध्येच केलेला रँडमाइज्ड (चिठ्ठ्या टाकून गट पाडलेला) ट्रायल. तो वही-पेनावर होत नाही, त्याला परवानग्या लागतात. १९८२ चे नियम आज कोणी चालवून घेणार नाही.

कडूनिंब | सकाळी ७:३१
वही-पेनाशिवायही होत नाही.

घाटाखालचा | दुपारी २:१५
ओपीडी आत्ता संपली. तळटीप, संस्था वगैरे काही नाही. माझंच १४ खाटांचं हॉस्पिटल आहे, बुलढाणा जिल्ह्यात, घाटाखाली. नोंदी ९ वर्षांच्या आहेत. एथिक्स कशाला? माझेच पेशंट, माझेच केसपेपर. पैसे फार नकोत, ४-५ लाखांत होईल. एक मुलगा डेटा भरायला, एक स्टॅटिस्टिक्सवाला, आणि बरे होऊन गेलेल्यांना गावोगाव जाऊन भेटायचा खर्च.

तळटीप | दुपारी २:४८
बघा, आता खरी गोष्ट बाहेर आली. म्हणजे फॉर्म अडकत नाहीये, तुम्हीच अडकलाय. आयसीएमआर बाहेरच्या संशोधकांना देते ते 'एक्स्ट्राम्युरल' पैसे व्यक्तीला मिळत नाहीत. मुख्य संशोधक कुठल्या तरी मेडिकल कॉलेजात, विद्यापीठात, संशोधन संस्थेत नियमित नोकरीवर असावा लागतो. स्वयंसेवी संस्था चालते, पण तिला डीएसआयआर या केंद्र सरकारच्या संशोधन विभागाची मान्यता पाहिजे. तुमचं खाजगी हॉस्पिटल यात कुठेच बसत नाही. दुसरं म्हणजे त्यांची 'स्मॉल' ग्रँटच २ कोटींपर्यंतची असते. तुमच्या ४ लाखांसाठी तेवढीच कागदपत्रं, तेवढीच छाननी. ते घोडंही तुमचं नाही आणि मैदानही तुमचं नाही.

गारवा | दुपारी ३:२०
माझा भाचा एमबीबीएस दुसऱ्या वर्षाला आहे, त्यालाही रिसर्च करायचंय. त्याला काही स्कीम आहे का? विषय अजून ठरला नाही.

मोहोर | दुपारी ३:३५
गारवा, आयसीएमआरची शॉर्ट टर्म स्टुडंटशिप बघा म्हणावं, १९७९ पासून चालू आहे. दोन महिन्यांचं काम असतं, गाइड त्याच्याच कॉलेजचा लागतो. पण आधी विषय ठरवू दे. आणि नवीन धागा काढा हो.

लीड्सकर | दुपारी ४:०२
मी इकडे इंग्लंडात नर्स आहे. आमच्याकडे एनआयएचआर म्हणून आरोग्य संशोधनाला पैसे देणारी सरकारी संस्था आहे, २००६ पासूनची. नर्स, फिजिओ, स्पीच थेरपिस्ट, पॅरामेडिक, कोणीही प्रॅक्टिस करत असताना पीएचडीसाठी फेलोशिप मागू शकतो. पगार मिळतो आणि पेशंटचं कामही पूर्ण सोडावं लागत नाही. माझी मैत्रीण जखमांच्या ड्रेसिंगवर करतेय. भारतात फक्त डॉक्टरलाच का विचारतात? वॉर्डात रात्रभर मण्यारीच्या पेशंटला अंबू बॅग (हाताने श्वास द्यायची पिशवी) दाबत कोण बसतं?

घाटाखालचा | दुपारी ४:१०
ताई, बॅग आमच्या सिस्टरच दाबतात, आणि त्यांच्याशिवाय निम्मे पेशंट गेले असते हे कबूल. पण एनआयएचआर मला पैसे देणार का?

लीड्सकर | दुपारी ४:२५
नाही. इथे नोकरी पाहिजे.

घाटाखालचा | दुपारी ४:२६
🙏

बारामाही | सायं ५:४०
इंडिया अलायन्सचं कोणी बोललंच नाही! केंद्राचं जैवतंत्रज्ञान खातं (डीबीटी) आणि ब्रिटनचा वेलकम ट्रस्ट मिळून चालवतात. क्लिनिकल आणि पब्लिक हेल्थवाल्यांसाठी वेगळ्या फेलोशिप आहेत. पगार, माणसं, सामान, प्रवास सगळं येतं त्यात. मुलाखत कडक असते पण फीडबॅक उत्तम मिळतो. मला नाही मिळाली, तरी सांगतो, अर्ज लिहिण्यातच मी सहा महिन्यांत जेवढं शिकलो तेवढं एमडीला शिकलो नव्हतो.

तळटीप | सायं ६:०५
बारामाही, त्यालाही यजमान संस्था लागते, आणि वर्षानुवर्षं बहुतेक वेळ संशोधनाला द्यायचा असतो. १४ खाटांचं हॉस्पिटल कोण चालवणार? तोफ चांगली आहे हो, पण इथे चिमणी मारायची आहे.

बारामाही | सायं ६:११
माणूस मोठा विचार करू शकतो. तुम्ही सगळ्यांना खाली ओढता.

तळटीप | सायं ६:२०
मी चार लाखांचा प्रश्न चार लाखांत सोडवायला बघतोय.

रानवाटा | रात्री ८:३३
मी सर्पमित्र आहे, डॉक्टर नाही. एक विचारू? मण्यार होती हे तुम्हाला कसं कळलं? लोक आमच्याकडे 'मण्यार मारली' म्हणून घेऊन येतात त्यातले कितीतरी कवड्या निघतात, बिनविषारी. कवड्याचे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडे पुसट होतात. मण्यारीचे डोक्यामागे थोडं अंतर सोडून सुरू होतात, जोडीजोडीने असतात आणि शेपटीकडे ठळक. मारलेल्या सापाच्या मोबाइल फोटोत हे दिसतंच असं नाही.

कडूनिंब | रात्री ८:४०
धागा फंडिंगचा आहे.

तळटीप | रात्री ८:५१
नाही नाही, रानवाटा, हा आजचा सगळ्यात कामाचा प्रश्न आहे. परीक्षक पहिला हाच विचारेल.

घाटाखालचा | रात्री १०:४५
साप घेऊन येणारे फार थोडे. आमच्याकडे पेशंट पहाटे येतो. जमिनीवर झोपलेला असतो, पोटात कळ आली म्हणून उठतो, घरचे ओवा-सोडा देतात. सूर्य वर येईपर्यंत पापण्या पडतात, गिळता येत नाही. दाताची खूण शोधूनही सापडत नाही, सूज नाही. नाग असता तर चावल्या जागी सूज, वेदना असती. त्यामुळे 'मण्यार' हे मी लक्षणांवरून लिहिलंय. फोटो असलेल्या केसेस वेगळ्या काढता येतील.
आणि आता मुद्द्याचं लिहितो, आधी लिहायला हवं होतं. आपण पहिल्यांदा १० व्हायल (बाटल्या) एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं प्रतिविष, देतो. सुधारणा नसेल तर आणखी १०. पण मण्यारीचं विष नसेच्या टोकावरच, स्नायूला निरोप जातो तिथेच बिघाड करतं. एकदा तो झाला की एएसव्ही उलटवू शकत नाही, ते टोक पुन्हा नीट होईपर्यंत श्वास चालू ठेवणं हाच खरा इलाज. मग दुसरे १० कशाला? पावसाळ्यात माझ्याकडे साठा संपायचा, तेव्हा काहींना दुसरा डोस मिळालाच नाही. तेही बरे झाले. दोन्ही गट माझ्या नोंदीत आहेत. हा माझा स्टडी. गावोगाव जाऊन बघायचंय ते हे की घरी गेल्यावर कोणाला काही राहिलं का.

मोहोर | रात्री ११:०२
अहो!! हे पहिल्या पोस्टमध्ये का नाही लिहिलंत?

घाटाखालचा | रात्री ११:०४
मला वाटलं पैशांचा प्रश्न आहे, त्यात मण्यारीचं काय सांगायचं.

तळटीप | रात्री ११:३०
प्रश्न सुंदर आहे. पण दोन खड्डे आहेत.
पहिला खड्डा : दुसरा डोस कोणाला दिलात? जो जास्त वाईट होता त्याला. मग डोस न मिळालेले चांगले दिसणारच. तुमची सुटका फक्त 'साठा नव्हता म्हणून दिला नाही' या गटात आहे. ते केसपेपरवर त्या वेळी लिहिलंय का? आठवणीतून आता भरू नका.
दुसरा : एथिक्स. 'माझेच पेशंट' हे उत्तर चालत नाही. जुन्या नोंदींसाठीसुद्धा समितीकडे जावं लागतं. नावं काढून टाकलेली असतील तर पेशंटच्या संमतीतून सूट मिळू शकते, पण ती समितीने द्यायची, तुम्ही स्वतःला नाही. आणि गावोगाव जाऊन भेटणार असाल तर त्या भागाला संमतीपत्र लागेलच. परवानगीच्या आधी एकालाही भेटायला जाऊ नका.

बारामाही | रात्री ११:४८
सरळ ट्रायल करा ना. एक डोस विरुद्ध दोन डोस, चिठ्ठ्या टाकून. पुरावा तोच खरा.

मोहोर | रात्री ११:५५
बारामाही, चिठ्ठीवर एखाद्याचा दुसरा डोस रोखायचा आणि तो गेला तर? विमा, भरपाई, सीटीआरआय या सरकारी ट्रायल-नोंदवहीत नोंदणी हे सगळं कोण बघणार? शिवाय २०१९ च्या नियमांप्रमाणे औषधाच्या ट्रायलसाठी दुसरीकडची एथिक्स समिती घ्यायची तर ती त्याच शहरात किंवा ५० किलोमीटरच्या आत हवी. घाटाखालून अकोला किती?

घाटाखालचा | सकाळी ६:५०
९० तरी आहे. ट्रायल नको. माझ्यात ती हिंमत नाही.

अनामिक२०२४ | सकाळी ९:०५
सर/मॅडम, तुमचा पेपर ७ दिवसांत आंतरराष्ट्रीय जर्नलमध्ये प्रकाशित करून मिळेल. सर्टिफिकेट, डीओआयसह. डेटा नसला तरी चालेल. व्यनि करा.

कडूनिंब | सकाळी ९:१५
डेटा नसला तरी चालेल!! वा. हा बघा, याला ग्रँट नको, संस्था नको, साप पण नको.

संपादक मंडळ | सकाळी ९:४०
वरील सदस्याचे खाते बंद केले आहे. कृपया विषयाला धरून लिहावे.

वैद्य_मंजिष्ठा | सकाळी १०:२०
आयुष मंत्रालयाचीही एक्स्ट्राम्युरल योजना आहे, आणि आयुर्वेद कॉलेजच्या शिक्षकांसाठी सीसीआरएएस या केंद्रीय आयुर्वेद संशोधन परिषदेचा 'स्मार्ट' कार्यक्रम २०२२ पासून आहे. विषचिकित्सेवर अगदतंत्रात इतकं आहे, तुम्ही एखादा कल्प घेऊन...

मोहोर | सकाळी १०:२४
वैद्यबाई, मनापासून विनंती, मण्यारीच्या धाग्यावर हे नको. कोणीतरी वाचून पेशंट घरी ठेवेल.

वैद्य_मंजिष्ठा | सकाळी १०:३०
मी एएसव्हीऐवजी म्हटलंच नव्हतं. पूर्ण वाक्य तर वाचा. असो.

तळटीप | दुपारी १:१५
वाद सोडा. घाटाखालचा, मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. अकोल्याच्या शासकीय महाविद्यालयात मेडिसिन किंवा पीएसएमचा (सामाजिक वैद्यकशास्त्र) एखादा असोसिएट प्रोफेसर धरा. त्याला प्रकाशन हवं असतं, तुमच्याकडे माल आहे. तो मुख्य संशोधक, तुम्ही सहसंशोधक. लगेच एथिक्स त्यांच्या समितीकडून, आणि कागदावर संस्था आली. नाशिकचं आरोग्य विद्यापीठ संलग्न कॉलेजच्या शिक्षकांना संशोधनासाठी मदत देतं. तुमच्या आकड्याला आयसीएमआरपेक्षा ते जवळचं. एखादा पीजी विद्यार्थी थीसिससाठी हाच विषय घेईल, मग डेटा भरणारा मुलगाही फुकट मिळाला.

कडूनिंब | दुपारी १:२८
आणि पेपरवर पहिलं नाव प्रोफेसरचं. नऊ वर्षं जागरण यांचं. हेच चालतं सगळीकडे. माझ्या एका मित्राची १२ वर्षांची नोंदवही अशीच एका मोठ्या कॉलेजात गेली, छापून आली तेव्हा याचं नाव आभारात, तेही चुकीच्या स्पेलिंगने.

तळटीप | दुपारी १:४०
हे मात्र खरं आहे. म्हणून आधी कागदावर ठरवा. पहिलं नाव कोणाचं, डेटा कोणाच्या ताब्यात, मूळ केसपेपर हॉस्पिटलबाहेर जाणार नाहीत. दोन सह्या. पहिल्या भेटीत मागायला लाज वाटते, पण नंतर मागता येत नाही.

मोहोर | दुपारी २:०५
अजून एक दार आहे. मुंबईच्या एनआयआरआरसीएच या आयसीएमआरच्या संस्थेचं डहाणूला ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्र आहे, त्यांनी सर्पदंशावर काम केलंय. पैसे देतीलच असं नाही, पण प्रोटोकॉल कसा लिहायचा हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार? आणि मार्च २०२४ मध्ये केंद्राने सर्पदंशाचा राष्ट्रीय कृती आराखडा काढलाय, २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणायचं म्हणतात. प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात हे घाला. पैसे देणाऱ्याला आपलंच वाक्य परत ऐकायला आवडतं.

रानवाटा | दुपारी ३:३०
फोटोवरून साप ओळखायला मी मदत करीन, पैसे नकोत. फक्त फोटोतून पेशंटचं नाव-गाव काढून पाठवा. आणि पुढच्या पावसाळ्यात येणाऱ्यांना सांगा, साप मारू नका, लांबून फोटो घ्या.

लीड्सकर | सायं ५:१२
सिस्टरांचं नाव पेपरवर येणार का, एवढंच विचारते.

घाटाखालचा | रात्री ९:५०
लीड्सकर, येईल. श्वासाचे चार्ट त्यांनीच भरलेत, दर तासाचे, माझ्यापेक्षा नीट अक्षरात.
तळटीप, दुपारभर केसपेपर काढून बसलो. 'एएसव्ही उपलब्ध नाही' असं स्पष्ट लिहिलेले २३ सापडले. बाकीच्यांवर नुसतं 'दुसरा डोस दिला नाही' आहे, कारण नाही. २०१७ चा एक गठ्ठा वाळवीने खाल्लाय. पण त्या वर्षीचं मेडिकल स्टोअरचं स्टॉक रजिस्टर सापडलं, त्यात तारखेनुसार व्हायल आहेत. ते चालेल का? अकोल्यात एक बॅचमेट पीएसएमला आहे, उद्या फोन करतो.

तळटीप | रात्री १०:०३
स्टॉक रजिस्टर?! सोनं आहे ते. कोणत्या दिवशी साठा शून्य होता हे तुमच्या आठवणीवर नाही, दुकानाच्या वहीवर ठरेल. त्याला हात लावू नका, जसं आहे तसं स्कॅन करा. २३ कमी आहेत, पण रजिस्टर जुळवल्यावर वाढतील. फोन करताना हेच पहिल्यांदा सांगा, पैशांचं शेवटी.

घाटाखालचा | रात्री १०:०६
बरं. पेशंट आलाय, पोटदुखीचा, शेतावर झोपला होता म्हणतात. नंतर लिहितो.

गारवा | रात्री १०:३०
भाच्याने सर्पदंश हा विषय घेतला तर चालेल का? तुमचं हॉस्पिटल नक्की कुठल्या जिल्ह्यात आहे?