छोट्या तेल कंपनीचं उत्पादन घरबसल्या कसं काढायचं?

जिंतूरकर:
नमस्कार मंडळी. गुजरातेत विहिरी असलेल्या एका छोट्या तेल कंपनीचे शेअर घ्यायचा विचार आहे. बातमी आलीय की नव्या विहिरीतून रोज ५०० बॅरल निघाले. त्याला ३६५ नं गुणून वर्षाचा अंदाज बांधला तर चालेल का? सोयाबीनच्या पट्टीचे पैसे आहेत, वडिलांना हिशेब दाखवल्याशिवाय लावणार नाही.

औसेकर काका:
नाही चालणार. तो सुरुवातीच्या चाचणीचा आकडा असतो. आपल्याकडं नव्या बोअरला अडीच इंची पाणी लागलं म्हणून लगेच कुणी ऊस लावत नाही, मार्चात किती टिकतंय ते बघतात. तेलाच्या विहिरीतही आतला दाब उतरत जातो आणि तेलाबरोबर येणारं पाणी वाढत जातं. बातमी बाजूला ठेवा, विक्रीवरून उलटं या.

मी वहीत असं मांडतो. समजा तिमाहीची तेलविक्री ५३.५५ कोटी. ब्रेंटच्या, म्हणजे कच्च्या तेलाच्या जागतिक मानक भावाच्या, सरासरीतून कंपनी देते ती सूट वजा जाता हाती ७० डॉलर, डॉलर ८५ रुपये, म्हणजे बॅरलला ५,९५० रुपये. भागाकार ९०,००० बॅरल, रोजचे १,०००. पण हे झालं विकलेलं तेल. निकालात ‘साठ्यातील बदल’ अशी ओळ असते, ती बघायचीच. टाकीत माल पडून राहिला की विक्री कमी दिसते आणि पुढच्या तिमाहीत एकदम फुगते. म्हणून मी एकटी तिमाही कधीच धरत नाही, चार एकत्र घेतो.

नांदेडचा सीए:
काका, हिस्सा राहिला. क्षेत्रातून १,००० बॅरल निघाले आणि कंपनीचा वाटा निम्मा असला तर तिचे ५०० च. बातमीत बहुतेकदा पूर्ण क्षेत्राचा आकडा असतो. सरकारचा नफ्यातला वाटा विक्रीतून आधीच वजा केलाय का, तेही निकालाखालच्या टिपांत वाचा. केला असेल तर काकांच्या रीतीनं उत्पादन खऱ्यापेक्षा कमी येईल.

जिंतूरकर:
कंपनीच्या सादरीकरणात ‘तेलसमतुल्य बॅरल’ लिहिलंय. तोच आकडा घेऊ का? सरकारी आकडे मिळत नाहीत का कुठं?

औसेकर काका:
तो घेऊ नका, त्यात गॅस मिसळलेला असतो. साधारण ६,००० घनफूट गॅसला एक बॅरल धरतात. ऊर्जा सारखी, पण पैसा सारखा नाही. एप्रिल २०२३ पासून सरकारी सूत्रात गॅसचा भाव दहा लाख बीटीयूला (बीटीयू म्हणजे उष्णता मोजायचं एकक) भारतीय क्रूड बास्केटच्या, म्हणजे भारत घेतो त्या कच्च्या तेलाच्या सरासरी भावाच्या, १० टक्के आहे. क्रूड ७० डॉलर असताना गॅस ७ डॉलर; ६,००० घनफुटांत साधारण साठ लाख बीटीयू, म्हणजे अशा एका ‘बॅरल’चे ४२ च येतात. तेल नि गॅस वेगवेगळे लिहा.

पेट्रोलियम मंत्रालयाचे मासिक आकडे निघतात, पण त्यात खासगी कंपन्या एकत्र धरलेल्या असतात, तुमची त्यात सापडायची नाही. वार्षिक अहवाल काढा. आकडा टनांत असला तर ७.३ नं गुणा, ढोबळ बॅरल येतात. जुन्या विहिरींचं तीन वर्षांचं उत्पादन एकाखाली एक मांडा, दरसाल किती टक्के घटतंय ते काढा आणि मगच नव्या विहिरीचे बॅरल त्यात मिळवा. वडिलांना आधी ती घट दाखवा.