ऑटो फ्रीझची अट खेड्यातल्या पोरांच्या मुळावर आली काय?

घाटंजीचा बाप: इंजिनिअरिंग प्रवेशाच्या कॅप (सरकारी केंद्रीय प्रवेश) फेऱ्या २०२५ पासून तीनच्या चार झाल्या, बरं झालं. पण सोबतची अट पाहा. फॉर्मात पसंतीनं लिहिलेल्या यादीतला पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसरीत पहिल्या तिनातला, तिसरीत पहिल्या सहातला लागला की सीट आपोआप फ्रीझ, म्हणजे पक्की. मग बेटरमेंट, म्हणजे पुढच्या फेरीत वरच्या पर्यायासाठी थांबणं, नाही. आमच्याकडे फॉर्म सायबर कॅफेवाला भरते, अन् त्याचं ध्यान मागच्या रांगेकडे. त्यानं यवतमाळ वर अन् अमरावती खाली टाकली, तर पोट्ट्यानं चार वर्षं ते भोगायचं?

दारव्ह्याचे मास्तर: भाऊ, अट एवढी कडक नव्हती तेव्हा वरच्या नंबरवाले सीट अडवून बसत, शेवटी सोडून देत. खालचा तोवर खाजगीत फी भरून मोकळा! एक नंबरला तुम्हीच लिहिलं, तेच मिळालं. तक्रार कशाची?

थर्ड इयर, अमरावती: सर, अर्धं पटलं. आपल्याकडे सांगतात, 'लागेल ते वर टाक, नाहीतर हातचं जाईल.' साफ चूक. मेरिटनं तुमची पाळी आली की यादी वरून खाली पाहतात, जागा दिसली तिथं थांबतात. पुण्याचं सीओईपी कॉलेज एक नंबरला टाकून नाही लागलं, तरी अमरावतीवरचा हक्क तसूभर कमी होत नाही. तिथं पर्सेंटाइल पाहतात. तुम्ही ते कॉलेज कितव्या नंबरवर लिहिलं, हे नाही.

घाटंजीचा बाप: आमाले तर एका एजंटनं उलटंच सांगितलं! अन् बेटरमेंटमध्ये हातची गेली तर?

थर्ड इयर, अमरावती: वरची लागली तरच जाते काका, नाही लागली तर जुनी कायम. पण गेली की परत मिळत नाही. म्हणून परवडत नसेल तर पुणं हौसेनं वर टाकू नका. माझी ट्यूशन फी माफ आहे. मेस अन् खोलीभाडं कोणी माफ करत नाही.

दारव्ह्याचे मास्तर: पाहा, म्हणजे दोष अटीचा नाही. फॉर्म भरताना बापानं शेजारी बसावं.

घाटंजीचा बाप: बसलो असतो मास्तर, पण ते दिवस पेरणी-डवरणीचे. अन् बसून तरी काय, स्क्रीनवर सारं इंग्रजी. पहिल्या फेरीत तरी ऑटो फ्रीझ नको, हे माझं म्हणणं कायम आहे.