बी.फार्म घेऊ की नको? (येळ्ळूर, सेकंड पीयू म्हणजे बारावी झालं)

येळ्ळूरची_थोरली:

नमस्कार. दहावीपर्यंत गावातल्या मराठी शाळेत शिकले, मग बेळगावात सायन्स, पीसीएमबी. सेकंड पीयूला ८१ टक्के पडले. नीट दिली होती, तिचं काय झालं ते विचारू नका. केसीईटीचा, म्हणजे कर्नाटकच्या सीईटीचा, फार्मसीचा रँक मात्र बरा आलाय. ऑप्शन एन्ट्री (कॉलेजांची पसंती भरणं) कधीही सुरू होईल आणि घरात रोज संध्याकाळी चहाबरोबर हाच विषय निघतो.

बाबा म्हणतात, घे. त्यांचं गणित सोपं: "मेडिकल दुकान बंद पडलेलं बघितलंस काय कधी?" काका खडेबाजारात कापडाच्या दुकानात असतात. ते म्हणतात फार्मसीवाल्यांना आता कुत्रं विचारत नाही. काकूच्या भावाचा मुलगा बी.फार्म करून गोव्यात वेर्ण्याला औषधाच्या कारखान्यात आहे. हातात सोळा हजार, त्यातले साडेचार खोलीभाड्याला जातात. आई काही बोलत नाही. पण परवा किराणाच्या यादीच्या पाठीमागं तिनं चार वर्षांची फी मांडलेली दिसली. त्यात बसचा पास होता, एप्रनसुद्धा होता. शेत सव्वा एकर, भाताचं. माझ्या मागं धाकटा भाऊ आहे, दोन वर्षांनी त्याचंही हेच.

मला फार्मसी का हवी ते पण सांगते, नाहीतर "नीट सुटली म्हणून" असंच सगळे धरून चालतात. आजीला बीपीची गोळी आहे. गेल्या वर्षी नेहमीची मिळाली नाही म्हणून दुकानातून दुसऱ्या नावाची दिली. आजीला वाटलं ही नवी वेगळी गोळी, तिनं घरातली जुनी पण चालू ठेवली. आठ दिवसांत पाय सुजले, उठताना भोवळ यायला लागली. मी दोन्ही पाकिटं उलटी करून बारीक अक्षरं वाचली तर दोन्हींवर तेच, अम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम. डॉक्टरांनी एक बंद केली आणि आजी बरी झाली. त्या दुकानात काउंटरवर एक पोरगा होता. फार्मासिस्टचं सर्टिफिकेट होतं, फ्रेम करून, लक्ष्मीच्या फोटोशेजारी. तो माणूस मी आजपर्यंत बघितलेला नाही.

आता प्रश्न.

डी.फार्म (डिप्लोमा) करू की बी.फार्म (पदवी)? महाराष्ट्राची एमएचटी-सीईटी पण दिली आहे, सर म्हणाले म्हणून, कोल्हापूरला जाऊन. तर बेळगावातच राहू की तिकडं जाऊ?

आणि एक विचारायला लाज वाटते. बाबांचे एक मित्र म्हणाले, "पोरगीला फार्मसी करून टाक, लग्न झाल्यावर सर्टिफिकेट कुठंतरी लावायचं, महिन्याला चार-पाच हजार घरबसल्या." बाबांना ते पटल्यासारखं वाटतंय. हे खरंच असं चालतं का?

निपाणीकर_८७:

नको घेऊ. फार्मसी कौन्सिलनं २०१९ मध्ये नवीन कॉलेजांवर पाच वर्षांची बंदी घातली होती, का, तर फार्मासिस्ट जास्त झाले म्हणूनच. संस्थावाले कोर्टात गेले. सप्टेंबर २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की नुसता ठराव करून अशी बंदी कौन्सिलला घालता येत नाही. (ते प्रकरण आपल्याच कर्नाटकातल्या हासनच्या एका कॉलेजच्या नावानं आहे.) पुढं काय झालं ते रस्त्यानं जाताना कॉलेजांचे बोर्ड मोजलेस तरी कळेल.

परदेशाचं स्वप्न असेल तर तेही ऐकून ठेव. अमेरिकेच्या फार्मासिस्ट परीक्षेला चार वर्षांचं बी.फार्म चालत नाही, किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. त्यासाठी सहा वर्षांचं फार्म.डी करावं लागेल. फी विचारून बघ, मग बोलू.

काउंटरवाली_अक्का:

बेळगावात शहापुरात १९ वर्षं मेडिकलच्या काउंटरवर उभी आहे. डी.फार्म. लग्न ठरत होतं म्हणून दोनच वर्षांचं घेतलं, खोटं कशाला सांगू.

आधी ते सर्टिफिकेट भाड्यानं द्यायचं. व्हय, चालतं. आणि तुला ते चांगलंच ठाऊक आहे की गं, तुझ्या आजीच्या दुकानात तेच तर टांगलेलं होतं. फार्मसी ॲक्टचं कलम ४२ आहे, चिठ्ठीवरचं औषध नोंदणी असलेल्या फार्मासिस्टनं किंवा त्याच्या देखरेखीखालीच द्यायचं. उद्या ड्रग इन्स्पेक्टर दुकानात आला आणि तू घरी भाकऱ्या थापत असलीस तर तुझी नोंदणी जाऊ शकते. चुकीची गोळी गेली तर कागदावर नाव तुझंच. बाबांना हे समोर बसवून सांग, मित्राच्या देखत सांगितलंस तर अजून बरं.

आता तुझ्या काकांचं. पगार पडलेत हे खरं आहे, पण का पडलेत? जो दुकानदार चार हजारांत भिंतीवरचा कागद आणतो, तो उभ्या माणसाला पंधरा हजार कशाला देईल? "फार्मसीत काय राहिलं नाही" म्हणून माझ्याच दुकानात येऊन रडणारे दोघं-तिघं आहेत, तिघांचीही सर्टिफिकेटं दुसऱ्याच्या दुकानात लटकतायत. मी तोंडावर बोलते म्हणून आता येत नाहीत.

दुकानाचं गणित पण ऐक, बाबांसाठी. जागा किमान १० चौरस मीटर, फ्रिज, फॉर्म २० आणि २१ चं लायसन. सरकारनं किंमत बांधलेल्या औषधांवर आम्हाला १६ टक्के सुटतात, बाकीच्यांवर साधारण २०. त्यातच भाडं, पोराचा पगार, आणि फ्रिज तर लाइट गेली तरी चालू पाहिजे म्हणून इन्व्हर्टर. गिऱ्हाईक आत आलं की नमस्काराच्या आधी "डिस्काउंट किती?" कारण मोबाइलवर ॲप १५-२० टक्के दाखवतं. दुकान बंद पडत नाही म्हणतात बाबा, ते तसं खरं आहे, मालक बदलतो फक्त.

जनऔषधी केंद्राचा पण विचार करा. १२० चौरस फूट जागा लागते, मार्जिन २० टक्के, आणि फार्मासिस्ट तू स्वतः असलीस तर एक पगार वाचतो.

मग मी का उभी आहे अजून? माझ्याकडं येणारी निम्मी म्हातारी माणसं. डॉक्टर इंग्रजीत लिहितो, पाकिटावर पण इंग्रजी, आणि पोरगं बंगळुरात. मी पाकिटावर पेननं सूर्य काढते. अर्धा सूर्य सकाळी, पूर्ण सूर्य दुपारी, चांद रात्री. जेवणाआधी असेल तर ताट उपडं. एक म्हातारा मजगावहून येतो, वाटेत चार मेडिकल आहेत. त्याला विचारलं तर म्हणतो, तिथं चित्र काढत नाहीत.

डी की बी? नोंदणी दोन्हीला होते, दुकान दोन्हीला काढता येतं. डी.फार्म दोन वर्षं आणि वर ५०० तासांचं ट्रेनिंग. ते ट्रेनिंग खरंच दुकानात उभं राहून कर, सही घेऊन घरी जाऊ नको. पण कारखाना, ड्रग इन्स्पेक्टरची परीक्षा, पुढं एम.फार्म ही दारं बी.फार्मलाच उघडतात. डी.फार्म करून नंतर बी.फार्मच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, तेही लक्षात ठेव. तुझे मार्क आहेत, मी असते तर बी.फार्मच घेतलं असतं. मला १९ वर्षांपूर्वी हे कुणी सांगितलं नाही.

येळ्ळूरची_थोरली:

अक्का, तुमचा मजकूर बाबांना वाचून दाखवला. इन्व्हर्टरपर्यंत ऐकलं आणि गोठ्यात गेले. आईनं मात्र दोनदा वाचायला लावलं, सूर्याचं.

@निपाणीकर, फार्मासिस्ट जास्त झालेत हे मान्य. पण मग दुसरं काय घेऊ, ते पण सांगा की. इंजिनिअरिंगचे बोर्ड काय कमी आहेत?

वेर्णा_सी_शिफ्ट:

सोळा हजारवाला मी नव्हे, पण असू शकलो असतो. मूळचा उचगावचा. सात वर्षांपूर्वी चौदा हजारांवर लागलो, आता एक्केचाळीस. मधली तीन वर्षं वाईट होती.

काकूच्या भाच्याला एवढंच विचार, कुठल्या विभागात आहेस? पॅकिंगला असेल तर तिथून निघ म्हणावं. पॅकिंगला बी.एस्सी.वाला पण चालतो, डिप्लोमावाला पण चालतो, म्हणून पगार हलत नाही. ग्रॅन्युलेशन, कॉम्प्रेशन (गोळी बनवायचे विभाग) किंवा क्यूए (गुणवत्ता हमी) मागून घे. कायद्यात औषध बनवायला देखरेख करणारा माणूस लागतो. फार्मसीचा पदवीधर असेल तर त्याला १८ महिन्यांचा अनुभव पुरतो, केमिस्ट्रीवाल्या बी.एस्सी.ला तीन वर्षं लागतात. त्या देखरेखीचं सरकारी अप्रूव्हल नावावर आलं की दुसरी कंपनी फोन करते. माझा पगार पहिल्यांदा उडी मारला तो त्याच वर्षी.

काम काय? दिवसातून चार वेळा कपडे बदलायचे, डोक्यापासून पायापर्यंत झाकून उभं राहायचं, आणि केलेली प्रत्येक गोष्ट त्याच क्षणी बॅच रेकॉर्डमध्ये लिहायची. खाडाखोड नाही, व्हाइटनर तर नावच काढू नको. चुकलं तर एक रेघ मारून सही आणि तारीख. ऑडिटवाले गोळी नंतर बघतात, आधी तुझं अक्षर बघतात. तू पाकिटाच्या मागचं बारीक वाचणारी आहेस, तुला क्यूए जमेल.

रात्रपाळी आहे. आमच्या प्लांटमध्ये मुली बहुतेक क्यूसीत (लॅबमधल्या तपासणीत) आणि जनरल शिफ्टला आहेत, सगळीकडं तसंच असेल असं समजू नको, विचारून घे. महिन्यातून दोनदा चोर्ला घाटानं घरी जातो. पावसाळ्यात ते पण नाही.

पीएचसी_जांबोटी_रोड:

मी सरकारी दवाखान्यात, खानापूर तालुक्यात. आपल्या भागातल्या मराठी पोरांना कुणी सांगत नाही ते सांगतो.

फार्मसी ऑफिसरच्या पोस्टला डी.फार्म पुरतं. पण दहावीला कानडी भाषा म्हणून नसेल तर भरतीत कानडीचा सक्तीचा पेपर पास व्हावा लागतो. मी पहिल्यांदा त्यातच गेलो. फार्मसीचं सगळं येत होतं, कानडी पत्रलेखन येत नव्हतं. कानडी माध्यमवाल्यांना ५ टक्के राखीव असतं, ते आपल्याला नाही. पण पहिली ते दहावी खेड्यातल्या शाळेत झाली असेल तर ग्रामीण आरक्षण आपल्यालाही आहे, माध्यम कुठलंही असू दे. केसीईटीत पण ग्रामीणला १५ टक्के आहे. फॉर्म भरताना क्लेम केला होतास ना? बीईओची (गट शिक्षणाधिकाऱ्याची) सही असलेलं प्रमाणपत्र जपून ठेव, पुढं नोकरीला पण तेच कामाला येतं.

भरती वर्षानुवर्षं निघत नाही. तिच्या भरवशावर बसू नको. पण कानडी आत्तापासून लिहायला शीक. माझ्याकडं रोज पेशंट मराठी बोलतो, रजिस्टर कानडीत, वरून मेल इंग्रजीत. तिन्ही येणारा माणूस या पट्ट्यात कुठल्याही काउंटरवर चालतो, सरकारी असो की खाजगी.

निपाणीकर_८७:

बरं, नुसतं नको म्हणून पळालो ते चुकलंच. कोल्हापूरचं राहिलंय ते मी सांगतो, बहिणीच्या वेळी सगळं केलंय.

महाराष्ट्राच्या प्रवेशात टाइप ई म्हणून प्रकार आहे. वादग्रस्त सीमाभागातल्या संस्थेतून दहावी किंवा बारावी आणि मातृभाषा मराठी, अशांना तिथले उमेदवार म्हणूनच धरतात. महाराष्ट्र दावा सांगतो त्या ८६५ गावांत येळ्ळूर आहेच, तुमची 'महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर' पाटी तर २०१४ साली सगळ्या देशानं बघितली. सीमाभागाचा दाखला आणि मातृभाषेचा दाखला, दोन्ही आत्ताच तयार ठेव. ऐन वेळी शाळेत क्लार्क सुट्टीवर असतो. आपल्याकडं निम्मं वजन पीयूच्या मार्कांना आहे, तिकडं सीईटीचं पर्सेंटाइलच बघतात. त्यामुळं ८१ टक्क्यांचा फायदा बेळगावात जास्त.

तिकडं शिकलीस तरी राहायला इकडं असशील तर नोंदणी कर्नाटक कौन्सिलमध्ये करता येते. बहिणीचं कोल्हापूरला झालं, दुकान निपाणीत आहे. आणि हो, ती स्वतः दुकानात बसते. अक्कांचं वाचून मी आधी तिला फोन करून तेच विचारलं. शिव्या खाल्ल्या.

येळ्ळूरची_थोरली:

सगळ्यांचे आभार. ग्रामीणचा क्लेम केलाय, सही पण आहे.

काल रात्री ठरलं, बी.फार्म. येळ्ळूरहून एकाच बसनं पोचता येतील अशी बेळगावची कॉलेजं वर, कोल्हापूर-गडहिंग्लज शेवटचा उपाय. होस्टेलचा खर्च आईच्या यादीत बसत नाही. कानडीसाठी शेजारच्या टीचरांकडं रविवारी जाणार आहे.

बाबांनी मित्राला सांगितलं की पोरगी नाही म्हणते. मी नाही म्हणते असं सांगितलं, बरोबर नाही असं नाही. चालेल, सध्या एवढं पुरे.

आजीच्या डब्यावर सूर्य काढला. ती म्हणाली, हे काय भजं काढलंयस? अक्का, तुमच्याकडं एक दिवस येऊन बघू का कसा काढता ते?

आणि एकच विचारायचं राहिलं. मॉक अलॉटमेंट (जागावाटपाची कच्ची यादी) लागल्यावर ऑप्शनचा क्रम बदलता येतो ना?

पीएचसी_जांबोटी_रोड:

येतो. पण शेवटच्या दिवशी साइट चालत नाही, आदल्या दिवशीच कर.

काउंटरवाली_अक्का:

ये की. मंगळवारी नको, बाजार असतो. किरणं आधी काढायची, मग गोल.