तटबंदीच्या आत अपार्टमेंट घेऊन राहिलायत का? अनुभव सांगा

मे मध्ये आईबाबांना घेऊन क्रोएशिया आणि जमलं तर इटली करायचं चाललंय. जुन्या गावात, तटाच्या आतच, किचनवालं अपार्टमेंट घेऊ असं नवऱ्याचं म्हणणं, मला मात्र नुसत्या बॅगा आणि बाबांचे गुडघे दिसतायत. राहून आलेल्यांनी लिहा ना प्लीज. व्ह्यू वगैरे राहूदे, जिने किती ते सांगा.

*

डुब्रोवनिकला राहिलोय आतच. टॅक्सी पिले गेटपाशी सोडते, पुढे गाडी नाही, तुम्ही आणि तुमच्या बॅगा. स्त्रादून हा मेन रस्ता सपाट आहे पण दगड इतका गुळगुळीत झालाय की पावसात जपून. आणि घरं असतात बाजूच्या गल्ल्यांत, त्यातल्या उत्तरेकडच्या म्हणजे सरळ पायऱ्याच, वर वर वर. बुक करायच्या आधी घरमालकाला दोन आकडे विचारा, गेटपासून पायऱ्या किती आणि बिल्डिंगमध्ये किती, नाहीतर तो फक्त दुसरा सांगतो. घर वरच्या अंगाला असेल तर टॅक्सी बुझा गेटला न्या, डोंगराच्या बाजूचं छोटं दार आहे ते, तिथून सामान घेऊन उतरायचं असतं, चढायचं नाही. काकांसाठी हे फार महत्त्वाचं.

बाकी सुख विचाराल तर क्रूझवाले संध्याकाळी बोटीवर गेले की गाव मोकळं होतं, आणि सकाळी गुंदुलिच चौकात भाजीबाजार. टोमॅटो-कांदा आणून मस्त पोहे केले (पोहे घरून नेलेले, तिथे कुठले!). पाणी विकत घेऊ नका, ओनोफ्रिओचं कारंजं १४३८ चं आहे, लोक अजून तिथे बाटल्या भरतात.

*

वरच्या प्रतिसादाला +१. तटावरून चालायचं तिकीट महाग आहे पण घ्याच, जवळजवळ दोन किमीचा फेरा, आत राहत असाल तर उघडल्या उघडल्या जाता येतं, ऊन आणि गर्दी दोन्हीच्या आधी. वरून कौलं बघा, भडक केशरी ती १९९१-९२ च्या तोफमाऱ्यानंतर बसवलेली, फिकट ती जुनी. आमच्या घरमालकीणबाई खिडकीतून कुठलं छप्पर कधीचं ते दाखवत होत्या, हॉटेलात हे कोण सांगणार.

*

आम्ही न्यूरेंबर्गजवळ असतो, देशातून पाहुणे आले की रोथेनबुर्ग ठरलेलं. गुडघेवाल्यांना ते बरं, स्टेशनवरून चालत दहाएक मिनिटांत तटाच्या आत. इथला तट फुकट, वर लाकडी छप्पर, त्यामुळे पावसातही फिरता येतं. भिंतीत नावांचे दगड दिसतील, ३१ मार्च १९४५ च्या बॉम्बिंगमध्ये तटाचा मोठा भाग पडला, पुढे जगभरच्या लोकांनी पैसे देऊन बांधून घेतला त्यांची ती नावं, जपानी खूप. दोन टिपा: रविवारी दुकानं बंद, दूध-ब्रेड शनिवारीच आणा. आणि फोडणी खिडकी उघडून द्या. सासूबाईंनी मिरचीची दिली, धुराचा अलार्म झाला आणि शेजारचे आजोबा घरच्या सपातांवर धावत आले, नंतर त्यांनाही वरणभात वाढला.

*

इटलीत लुक्का घेणार असाल तर एक दुरुस्ती आधीच करतो, तिथला तट मध्ययुगीन नाही, सोळाव्या-सतराव्या शतकातला, तोफांचा विचार करून रुंद बांधलेला, म्हणून तर वर झाडं लावून चार किमीचा सायकल ट्रॅक झालाय. मध्ययुगातलं दार बघायचं तर आत पोर्ता सान जेर्वाझिओ. आता कामाचं: भाड्याची गाडी असेल तर झेडटीएल ही भानगड समजून घ्या. जुन्या गावात परवान्याशिवाय गाडी नेली की कॅमेरा नंबर टिपतो आणि दंड काही महिन्यांनी भारतात घरी येतो, वर गाडी कंपनीचा चार्ज वेगळा. माझ्या मेव्हण्याला विचारा. एकतर गाडी बाहेर लावा, नाहीतर घरमालकाकडून नंबर आधी नोंदवून घ्या.

*

परदेशच कशाला, जैसलमेर आहे की, ११५६ पासूनचा किल्ला आणि आत लोक राहतायत. पण आम्ही मुद्दाम खाली शहरात राहिलो. आतल्या हॉटेलं-घरांचं सांडपाणी टेकडीत मुरून बुरूज खचलेत, तिथे आपण अजून एक बाथरूम कशाला वाढवायचं. पटलं तर बघा.

*

सगळ्यांना थँक्यू! डुब्रोवनिकच्या बाईंना मेसेज टाकला, गेटपासून ३८ आणि आत दोन मजले म्हणाल्या. बाबा म्हणतात त्यात काय, रायगड पायी चढलोय. आई म्हणते, हो, १९८२ साली.