मिग-२१चे डीकल आणि शेपटीवर बसणारे विमान

वीस वर्षांच्या खंडानंतर १/७२ मापातील मिग-२१ या लढाऊ विमानाची प्लॅस्टिक प्रतिकृती जोडताना डीकलखाली (पाण्यात भिजवून चिकटवायच्या चिन्हांच्या पातळ पापुद्र्याखाली) चंदेरी झाक उमटली आणि मागचा भाग जड झाल्याने विमान शेपटीवर बसले, या आपल्या दोन्ही तक्रारी वाचून मला माझाच अनुभव आठवला. डीकलचा दोष बहुधा नाही. मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या, रंगाचा पृष्ठभाग सूक्ष्म खडबडीत असल्यामुळे पातळ पापुद्र्याखाली हवा अडकते आणि तीच प्रकाशात चमकते. म्हणून रंग पुरता वाळल्यावर आधी ग्लॉस (चकचकीत) वार्निशचा हात द्यावा, कोमट पाण्यात भिजवलेले डीकल त्यावर सरकवून बसवावे, ओलसर कापसाच्या काडीने मधून कडेकडे पाणी काढावे आणि अगदी शेवटी मॅटचा हात द्यावा. मी तिरंगी चक्र घाईने थेट मॅटवर चिकटवले होते. ते आजही कपाटातून माझ्याकडे चकाकत पाहते.

शेपटीचा उपाय मात्र धडाचे दोन अर्धे जोडण्यापूर्वीच करायचा असतो: नाकात गळाला लावायची शिशाची वजने इपॉक्सी गोंदाने पक्की करून, मुख्य चाकांच्या जागी टेकवून तोल पाहावा आणि मगच जोडावर पातळ सिमेंट (प्लॅस्टिक जोडायचा द्रव गोंद) फिरवावे. सिमेंट प्लॅस्टिक विरघळवून एकजीव करते, त्यामुळे जोडाच्या कडांवरचा रंग आधी खरवडावा. आपले धड बंद झालेच असेल, तर पुढचे चाक लाकडी पाटावर चिकटवून टाकावे. १९६३ पासून २६ सप्टेंबर २०२५ पर्यंत भारतीय वायुसेनेत राबलेल्या विमानाला एवढा आधार घेण्याचा हक्क आहेच.