नागपूरच्या संविधान चौकात फोटो काढून पोट भरते काय?

तर्री_मारके: काल एका भाऊची पोस्ट फिरून राहिली होती, "संविधान वकिलांच्या कामाचं, सामान्य माणसाचं आधार कार्डावर भागते." वाचून डोकं फिरलं. माझा बाप इतवारीत हमाल होता. माझी पोरगी इंग्लिश शाळेत शिकते ती आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याच्या, २५ टक्के राखीव जागांतून, अन् तो कायदा आला संविधानातल्या शिक्षण हक्काच्या कलम २१-अ मुळं. २०२४ ले सरकारनं नियमच बदलला, जवळ एक किलोमीटरात सरकारी शाळा असली का प्रायव्हेट शाळा त्या २५ टक्क्यांतून मोकळी! हायकोर्टानं जुलैत रद्द केला, तोवर मी रोज फोनवर प्रवेशाची यादी पाहून राहिलो होतो. हे आधार कार्डानं झालं काय बे?

सिव्हिल_लाईन्सचा_पोट्टा: पोस्ट माझीच होती. सीट भेटली, अन् मग शाळेनं ॲक्टिव्हिटी फी नाही घेतली?

तर्री_मारके: घेतली. १८०० रुपये, रिसीट नाही.

सिव्हिल_लाईन्सचा_पोट्टा: हेच तर म्हणून राहिलो ना बाप्पा 😂

संत्रा_बर्फी: फी सोडा, कलम ३७१(२) वाचलं काय कोणी? विदर्भाचं विकास मंडळ, निधीचं समान वाटप, राज्यपालांची विशेष जबाबदारी, सारं लिहून आहे. मंडळ आलं १९९४ ले, ३० एप्रिल २०२० ले मुदत संपली अन् कोणाले झोपमोड नाही.

धरमपेठकर: झालं, आले विदर्भवादी. धागा कशाचा, तुम्ही कुठे.

संत्रा_बर्फी: कुठे म्हणजे? विदर्भ महाराष्ट्रात घ्यायचा म्हणून झालेला १९५३ चा नागपूर करार, वर्षातून विधिमंडळाचं एक अधिवेशन इथं घ्यायचं ठरलं, आता नेते दोन हप्त्यात सावजी खाऊन मुंबईची गाडी पकडतेत.

धरमपेठकर: वेगळं राज्य मागायला विधानसभेचा ठराव तरी आहे का?

संत्रा_बर्फी: लागतच नाही! नवीन राज्य संसद बनवते, कलम ३, विधानसभेचं फक्त मत विचारते. आंध्रच्या विधानसभेनं बिल फेटाळलं तरी २०१४ ले तेलंगणा झालंच ना. आधी वाचा, मग शिकवा.

धरमपेठकर: बरं, हे माहीत नव्हतं. तरी तुम्ही सूर तेवढा खाली घ्या.

इंदोऱ्याची_सून: माणसं हो, दम घ्या जरा. माझ्या आजीले गावच्या विहिरीवर हात लावू देत नव्हते, वरून कोणी ओंजळीत पाणी टाकलं तर प्यायचं. कलम १५(२) मध्ये विहीर, दुकान, हॉटेल नावानं लिहून आहे, म्हणून माझी माय नळाच्या लाईनीत सगळ्यांसोबत उभी राहिली. पण भाड्याचं घर त्या यादीत नाही. मागच्या वर्षी टू बीएचके पाहायले गेलो, बाईनं पाणी दिलं, चहाही ठेवला गॅसवर, मग विचारलं "सरनेम काय तुमचं?" सांगितलं. चहा आलाच नाही. दुसऱ्या दिवशी फोन, रूम दुसऱ्याले दिली म्हणे.

सिव्हिल_लाईन्सचा_पोट्टा: म्हणजे ताई, मी बरोबरच बोललो होतो.

इंदोऱ्याची_सून: अर्धं. विहिरीपुरता तू चुकला.

सिव्हिल_लाईन्सचा_पोट्टा: बरं, विहिरीपुरता माफी. आरटीईपुरतीही, १८०० वजा करून.

संत्रा_बर्फी: ३७१ वर कोणी बोलणार आहे का झोपू मी?